फेसाविना, नुसत्या कंडिशनरने न्हाणे : नर्मदेकाठच्या ग्वारीघाटच्या नवशिक्यांसाठी

साहित्य : बारीक, कुरळे केस (स्वतःचे असल्यास उत्तम), कंडिशनर, दोन बादल्या पाणी, रुंद दातांचा कंगवा, जुना सुती बनियन आणि वामकुक्षी घेत असलेली वडीलधारी मंडळी.

जागा ठरवताना पहिला मोह घाटाचाच होईल. तो आवरा. नर्मदेत साबण-शाम्पू लावायचा नाही, हा परिक्रमेचा नियम. कंडिशनर म्हणजे साबण नव्हे, ही पळवाट मैयापुढे चालत नाही. परिक्रमावासी महिनोन्‌महिने शाम्पूविना राहतात, केसही कापत नाहीत; या पंथातले ते तुमचे ज्येष्ठ, फक्त बाटली बाळगत नाहीत. केस न कापता नीटनेटके कसे ठेवावेत हे विचारायचं असेल, तर नावेत बसून पैलतीरावरच्या गुरुद्वाऱ्यात जा. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आणि अलीकडच्या काठावर जावळं काढणारे न्हावी बसतात. गुंता कायमचा सोडवण्याचा तो एकमेव खात्रीचा उपाय, पण आपला विषय नव्हे. मुकाट्याने घरच्या मोरीत या.

बाटली घेताना मागची बाजू वाचा. डायमेथिकोन दिसलं तर परत ठेवा. हे सिलिकोन नुसत्या पाण्याने निघत नाही, काढायला शाम्पूच लागतो, म्हणजे सगळा खटाटोप फुकट. सीटाइल अल्कोहोल वाचून मात्र दचकू नका. ते मेणचट, केस मऊ करणारं द्रव्य आहे, घरातल्या माळकऱ्यांनाही चालेल. शिया बटर ठासून भरलेली दाट कंडिशनरं जाड केसवाल्यांना लखलाभ.

आता कृती. केस चिंब भिजवा. मूठभर कंडिशनर घ्या, हात आखडू नका. ते थेट टाळूला लावा आणि बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नव्हे. कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला, जिथे तेल आणि घाम साचतो तिथे जास्त. कंटाळा येईपर्यंत चोळा, मग आणखी थोडं. शाम्पूत तेल सोडवायचं काम रसायन करतं; कंडिशनरमध्ये तसलं रसायन फार सौम्य, म्हणून मेहनत बोटांची. त्यातले धनभारित रेणू ऋणभारित केसाला चिकटतात, म्हणून केस मऊ लागतो. पण चिकटण्याची हीच खोड बारीक केसांना भोवते. थर साचला की कुरळेपणा लोंबकळतो आणि केस डोक्याला चापून बसतात. दोन बादल्या सांगितल्या त्या कंडिशनर नीट धुऊन काढण्यासाठी. पाण्यात कंजुषी केलीत तर दोष बाटलीला देऊ नये.

गुंता मात्र धुण्याआधी, कंडिशनर केसात असतानाच काढायचा, टोकाकडून मुळाकडे. उलट दिशेने गेलात तर कंगव्यात केस जास्त आणि डोक्यावर कमी अशी वाटणी होईल.

एव्हाना दाराबाहेरून आजी विचारेल, “न्हातेयस की नुसती बसलीयस गं? मोरीत फेस कुठाय?” वाद घालू नका. ती स्वतः जन्मभर शिकेकाईने न्हाली, तिला तरी कुठे ढीगभर फेस येत होता! पण हा मुद्दा काढलात की ती रिठा काढेल, आणि रिठ्याला फेस येतो.

टॉवेलने खसाखसा पुसू नका. बनियनमध्ये केस मुठीमुठीने दाबा. बनियन बाबांचा असल्यास आधी विचारा. केस वाळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, संध्याकाळच्या आरतीला जायची कितीही घाई असो. अर्धवट ओले केस घेऊन निघालात की नदीवरचा वारा आपलं काम करतो आणि शेजारच्या काकू भर गर्दीत म्हणतात, “बेटा, ये घोंसला किसने बनाया?” ‘नर्मदे हर’ म्हणून पुढे सरकावं.

पहिले काही आठवडे केस तेलकट वाटू शकतात. कोंडा, खवले किंवा सतत खाज असेल तर हा प्रयोग बंद करून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बाकीच्यांनीही अधूनमधून एकदा शाम्पू वापरावाच. बारीक केसांवर साचलेला थर त्याशिवाय उतरत नाही. त्या दिवशी आजीला मोरीपाशी बोलवा, तिचंही समाधान होईल.