एकतिसाव्या आठवड्याचे भाई

भाई आपल्या परिचयाचे नाहीत, असे म्हणण्याचे धाडस वाचकांपैकी कोणी करू नये. प्रत्येक गावाला आणि प्रत्येक कचेरीला परमेश्वराने असा एक इसम नेमून दिलेला असतो, की ज्याला एखादी सामान्य वस्तू विकत घ्यावयाची झाली म्हणजे तो सगळ्या पंचक्रोशीची मसलत भरवतो, सर्वांची मते आदरपूर्वक ऐकून घेतो, त्यांपैकी एकही मानीत नाही, आणि अखेरीस ती वस्तू न घेताच घरी परततो. कोणाच्या वाट्याला छत्री न घेणारे भाई येतात, कोणाच्या वाट्याला विहिरीवरचा पंप न घेणारे. गोव्यातल्या मोपा गावात आमच्या वाट्याला टायर न घेणारे भाई आले.

भाईंची गाडी हा या कैफियतीतला पहिला पुरावा. २०१५ च्या ऑक्टोबरात फियाट कंपनीने अबार्थ पुंटो नावाची एक ठेंगणी, तापट गाडी पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून बाजारात आणली. तिच्या पोटात १४५ अश्वशक्तीचे यंत्र आणि चाकांच्या मध्यभागी विंचवाचे चिन्ह. मूळचे अबार्थ महाशय १५ नोव्हेंबर १९०८ रोजी जन्मले, पाश्चात्य गणनेने त्यांची रास वृश्चिक, म्हणून हा विंचू. ही माहिती भाईंनी मला गाडीच्या किमतीच्या आधी सांगितली होती. पुण्यातल्या कोणा अभियंत्याकडून त्यांनी ती जुनी घेतली, त्या वेळी ते साठीच्या उंबरठ्यावर होते. एरवी काजूची बाग, देवळाची महाजनकी आणि दुपारची पेज यांपलीकडे ज्यांची महत्त्वाकांक्षा गेली नव्हती, त्या गृहस्थांनी ही विंचवाची गाडी पेडण्याच्या बाजारातून प्रथम नेली, तेव्हा भगवतीच्या देवळासमोरच्या दोन दगडी हत्तींनीही मान वळवली असल्यास मला आश्चर्य वाटणार नाही.

त्या गाडीला दोन अपघात झाले. अपघात म्हणजे पंक्चर; परंतु भाईंच्या समोर पंक्चर हा शब्द हलक्या आवाजात उच्चारण्याचा शिरस्ता आहे. पहिल्या खेपेस एक स्क्रू तळव्यात शिरला व रबरी दोरीने भोक बुजले. दुसऱ्या खेपेस मात्र वारखंडच्या वाटेवर, जेथे डांबर संपते आणि जांभा दगड आपले मूळचे हक्क पुन्हा सांगू लागतो, तेथे खड्ड्याच्या कडेने टायरची बगल बोटभर चिरली. पंक्चरवाल्याने चिरेवरून अंगठा फिरवला आणि बगलेला दोरी धरत नाही, मशरूमच्या आकाराचे ठिगळही धरत नाही, नवा घाला, असा निकाल दिला. एक नवा आणि तीन जुने अशी विषम चौकडी भाईंना मानवणारी नसल्यामुळे चारही नवे घेण्याचे ठरले, आणि तेथून आमच्या दुर्दैवाला आरंभ झाला.

टायरच्या बगलेवर पुष्कळ मजकूर लिहिलेला असतो. भाईंच्या टायरवर १९५/५५ आर १६, ८७ व्ही, असा होता: रुंदी १९५ मिलिमीटर, बगलेची उंची त्या रुंदीच्या शेकडा ५५, रिम सोळा इंची, एका टायरचा भार ५४५ किलो, आणि वेगाची मर्यादा ताशी २४० किलोमीटर. ज्या तालुक्यात गायी रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करतात आणि त्यांना उठवणे असभ्य मानले जाते, त्या तालुक्यात २४० च्या वेगाचा परवाना बाळगणे म्हणजे काय, हा प्रश्न मी एकदा विचारला. भाईंनी तो ऐकला नाही. त्यांचे लक्ष त्या मजकुराच्या अगदी शेवटी असलेल्या चार आकड्यांवर होते. त्या चारांपैकी पहिले दोन आकडे म्हणजे टायर जन्मला तो आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल. १४२४ लिहिले असेल, तर २०२४ चा चौदावा आठवडा. ही जन्मपत्रिका वाचण्याची विद्या ज्या दिवशी भाईंना प्राप्त झाली, त्या दिवसापासून त्यांनी माणसांच्या तोंडाकडे पाहणे सोडले.

कोणीही भेटो, त्याच्या गाडीशी भाई उकिडवे बसत, चष्मा कपाळावर सारत, आणि गाडीच्या मालकाला विचारीत, “बाब, हो खंयच्या आठवड्याचो?” बाब बिचारा गोंधळून स्वतःची जन्मतारीख सांगे. त्यातही निर्मात्यांनी एक गैरसोय करून ठेवली आहे. ते चार आकडे टायरच्या एकाच बगलेवर छापलेले असतात, आणि बसवणाऱ्याने ती बगल आत घातली असल्यास गाडीखाली शिरल्यावाचून वाचता येत नाहीत. भाई गाडीखाली शिरत. सभोवती कोण उभे आहे, प्रसंग कोणता आहे, अंगावर धोतर आहे की पाटलोण, याचा विचार त्यांनी कधी केला नाही.

पेडण्याच्या एका लग्नात याचे जे पर्यवसान झाले ते ऐकण्याजोगे आहे. नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी कार्यालयाच्या दाराशी येऊन थांबली, सुवासिनी ओवाळण्यासाठी पुढे सरसावल्या, तोच गाडीखालून मोबाइलच्या दिव्याचा प्रकाश दिसू लागला आणि पाठोपाठ भाईंचे शब्द आले, “अरे, हा तर सोळा सालचा! आठ वर्षे लपवली आहेत!” हे वाक्य टायरसंबंधी होते. परंतु गाडीखालून आलेले वाक्य कार्यालयाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेतो त्यातला टायर गळून गेला होता, आणि वधूच्या मामांनी, मुलाकडच्यांनी नवऱ्याचे वय आठ वर्षांनी कमी सांगितल्याची तक्रार करून, जन्माचा दाखला पाहिल्यावाचून अंतरपाट धरू देणार नाही असा पवित्रा घेतला. दाखला मागवून त्याची रुजुवात होईपर्यंत मुहूर्त टळला. भाई या सर्व काळात वरपक्षाच्या बसचा पंचनामा करीत होते.

समाचाराला गेले तरी तेच. दुःखी कुटुंबाला भेटून बाहेर येणाऱ्या भाईंच्या शुभ्र सदऱ्यावर, पाठीशी, तांबडी माती हमखास लागलेली दिसे, आणि त्यावरून अंगणात किती गाड्या होत्या याचा अजमास करता येई. मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले व पुढच्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली, तेव्हा ज्या सड्यावर आमच्या गावची गुरे चरत त्या सड्यावर भाईंना हजारो परक्या टायरांचे नवे कुरण मिळाले. पाहुण्याला सोडण्याच्या मिषाने ते तेथे जात आणि भाड्याच्या गाड्यांशी उकिडवे बसत. सुरक्षारक्षकाने एकदा शिटी वाजवून त्यांची जबानी घेतली. तो मनुष्य सुशील निघाला. विमानाच्या टायरांत नायट्रोजन भरतात, आणि झिजल्यावर त्यांवर नवा थर चढवून ते पुनःपुन्हा वापरतात, असे त्याने भाईंना समजावून दिले. भाईंना त्या रात्री झोप आली नाही. नवा थर चढवल्यावर जन्माचा आठवडा कोणता धरायचा?

आता खरेदीची हकीकत. भाईंच्या टायरचे माप आमच्या बाजूच्या दुकानदारांकडे तयार नव्हते. मागणी नोंदवावी, तेव्हा कोठल्या तरी गोदामातून माल येतो. म्हापशाच्या दुकानात असे चार टायर आले. भाईंनी ते उलटेपालटे केले. “चौदावा आठवडा,” ते म्हणाले, “आज सत्ताविसावा चालू आहे. मधले तेरा आठवडे हा होता कुठे?” दुकानदार नम्रपणे म्हणाला, “सावलीत होता, भाई.” सावलीत नीट ठेवलेल्या टायरचे काही महिन्यांत काही बिघडत नाही, पाच वर्षांनंतर दरसाल तपासावा आणि दहाव्या वर्षी नक्षी शिल्लक असली तरी बदलावा, असे निर्माते स्वतः सांगतात. भाईंना हे सगळे मुखोद्गत होते. तरीही ते सावंतवाडीला गेले, बेळगावला गेले, आणि फोंडा तालुक्यातल्या उसगावला टायरांचा कारखाना आहे तेव्हा त्याच्या फाटकाशीच बसून साच्यातून निघालेला ऊन ऊन टायर पदरात घ्यावा, असाही बेत त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवला. मी त्यांना फाटकावर किरकोळ विक्री होत नाही एवढेच सांगितले.

अखेर पंक्चरवाल्याने त्यांना शहाणपणाची वाट दाखवली. सोळा इंची रिम काढून पंधरा इंची घालावी आणि तिच्यावर १८५/६५ चा टायर चढवावा. भाईंनी कागदावर आकडेमोड केली: जुन्या चाकाची एकूण उंची ६२०.९ मिलिमीटर, नव्याची ६२१.५, म्हणजे वेगदर्शक काट्याला फरक कळणारही नाही, आणि खड्ड्याचा धक्का सोसणारी रबराची बगल मात्र १०७ वरून १२० मिलिमीटरांवर जाईल. माप मिळायला सोपे, किंमत कमी, वारखंडच्या वाटेला साजेसे. हिशेबात चूक काढता न आल्यामुळे भाई पुष्कळ वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “पण पंधरा इंचीवर विंचू नाही.” सूचना दफ्तरदाखल झाली. शहाण्या माणसांनी तेरा मिलिमीटर रबरासाठी विंचू सोडावा, हे माझे मत आजही कायम आहे.

यानंतर मी भाईंना टाळू लागलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या दुचाकीच्या पुढच्या चाकाचा आठवडा त्यांना पाठ होता, आणि त्याच्या वाढदिवसाची आठवण ते मला देत असत. पुढे चवथीच्या दिवसांत त्यांच्या डिचोली तालुक्यातल्या सासुरवाडीला जाण्याचा योग आला, तेव्हा परसात फणसाखाली एक टिपर उभा दिसला. तो भाईंचा, हे मला तेथे कळले. खाणींच्या भरभराटीत ते सासुरवाडीला राहून खनिजाची वाहतूक करीत; खाणीपासून सारमानसच्या धक्क्यापर्यंत, धूळ खात, पुढच्या टिपराच्या मागे दिवसभर रांगत. पावसात काम बंद असे. २०१२ च्या श्रावणात, पावसानंतरच्या हंगामाची तजवीज म्हणून, भाईंनी कर्ज काढून टिपराला सहाही टायर नवे घातले. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा हुकूम झाला. पुढे काही काळ खाणी चालू झाल्या, पण भाईंच्या टिपराला फेऱ्या लाभल्या नाहीत, आणि २०१८ च्या मार्चात त्या पुन्हा बंद पडल्या.

मी त्या टिपराशी उकिडवा बसलो. कोणी सांगितले नव्हते. संगतीने सवय लागते. नक्षी कोरी होती; साच्यातून निघताना नव्या टायरवर रबराचे जे बारीक केस राहतात, ते खाचांत अजून शिल्लक होते. बगला मात्र उन्हापावसाने वरपासून खालपर्यंत तडकल्या होत्या. एका तड्याला लागून आकडे होते: ३११२.

“एकतिसावा आठवडा,” भाई मागून म्हणाले. “एक कोस नाही चालले. हप्ते मात्र शेवटपर्यंत चालले.” एवढे बोलून ते मेहुण्याच्या गाडीकडे वळले व तिच्याखाली शिरले.

भाईंनी पुढल्या महिन्यात टायर घेतले. सोळा इंची, विंचवासकट. तिघांचा आठवडा एक आणि चौथा त्यांच्याहून एका आठवड्याने धाकटा; तो धाकटा मागे डाव्या बाजूला, जेथे ताण कमी असे त्यांचे मत आहे, तेथे बसवला. आणि तेव्हापासून ती गाडी एक दिवसही उभी राहिलेली नाही. रोज संध्याकाळी मोपाहून तोरसे, तेथून पत्रादेवीपर्यंत आणि परत, वेग ताशी चाळीस, अशी फेरी निघते. वाटेत बस चुकलेली पोरे, बाजाराच्या पिशव्या घेऊन बसलेल्या मावश्या, तुयेच्या इस्पितळात जाणारी म्हातारी माणसे, ज्याला जेथे जायचे असेल तेथे भाई पोहोचवतात, मग ती जागा पत्रादेवीच्या विरुद्ध दिशेला का असेना. पैसे पुढे केले तर रागावतात. टायर फिरायला हवेत म्हणून निघालो आहे, तुमच्यासाठी नव्हे, असे दरडावून सांगतात, आणि म्हातारीला हात देऊन उतरवतात. माझ्या आईलाही त्यांनी दोनदा तुयेला नेले, याची नोंद करणे मला भाग आहे.

खासगी गाडीतून उतारू नेतात अशी तक्रार त्यांच्याविरुद्ध कोणीतरी केली, तेव्हा भाईंनी लेखी कैफियत दिली. तिचा मसुदा मी पाहिला आहे. “सदर वाहनाच्या टायरांस एका जागी उभे राहण्याची सवय लागू नये, सबब अर्जदार ते दररोज फिरवतो. त्या वेळी वाहनात बसलेल्या इसमांचा सदर फेरीशी काहीएक संबंध नाही. भाडे घेतलेले नाही, घेणार नाही.” त्याखाली सही, सहीखाली तारीख, आणि तारखेपुढे, कोणी मागितला नसताना, आठवडा.