बदलापुरात अकिता कसा पाळावा: नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम घरात एसी बसवा. एसी असेल तर दुसरा बसवा, कारण पहिला आईला सोसत नाही म्हणून बंदच असतो आणि कुत्र्याला तो मार्च ते जून चालू लागणार आहे. हप्ते सुरू झाले की निम्मी तयारी झाली असं समजावं.

आता पाहुण्याची ओळख. अकिता हा उत्तर जपानातल्या अकिता प्रांतातला, ओदाते गावाच्या बाजूचा कुत्रा. तिथल्या डोंगरांत मातागी नावाचे शिकारी राहायचे. त्यांच्याबरोबर हा बर्फातून रानडुकरांच्या, हरणांच्या आणि अस्वलांच्या मागावर जायचा. अस्वल सापडलं की शिकारी येईपर्यंत त्याला अडवून धरायचं आणि तसूभर मागे सरायचं नाही, ही याची पिढीजात नोकरी. नराची खांद्यापाशी उंची साधारण ६७ सेंटिमीटर, वजन पस्तीस-चाळीस किलो, कान ताठ, शेपूट पाठीवर वळवलेली आणि अंगावर दुहेरी कोट: वर राठ केस, खाली दाट लोकर. हा गृहस्थ तुम्ही कुळगावात तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत आणणार आहात. अभिनंदन.

एवढा कुत्रा झेपत नसेल तर शिबा घ्यावा. तोही जपानीच, उंची चाळीस सेंटिमीटरच्या आतबाहेर, वजन दहा किलो. शिबाचा चेहरा तुमच्या भाच्याने मोबाइलवर हजारदा पाहिलेला आहे. कुत्र्याच्या नावाने निघालेल्या त्या क्रिप्टो नाण्यावरची काबोसू नावाची कुत्री शिबाच. शिबाची ख्याती अशी की नखं कापायला घेतली तर तो माणसासारखा किंचाळतो. भिंती पातळ असलेल्या इमारतीत नखं दिवसाच कापावीत, आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन.

खरेदीसाठी उल्हासनगरला जावं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं, १९४९ मध्ये वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, तरी पत्ता अजून कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. ज्या काळात इथे छावणी गजबजलेली होती, त्याच काळात जपानात अकितांवर संक्रांत आली होती. सैन्याच्या कपड्यांसाठी कुत्र्यांची कातडी जमा करत. लष्कराच्या कामाचे म्हणून जर्मन शेफर्ड तेवढे सुटायचे. मग काही मालकांनी आपले अकिता डोंगरात लपवले, काहींनी शेफर्डशी संकर करून वाचवले. युद्ध संपलं तेव्हा शुद्ध अकिता बोटांवर मोजण्याइतके उरले होते. १९३१ मध्येच सरकारने ज्याला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केलं, त्याची ही गत.

इकडे नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या माणसांनी बराकींतून असा बाजार उभा केला की मागाल ती वस्तू मिळते आणि न मिळाली तर उद्यापर्यंत बनते. मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगितला जातो, आणि हा विनोद उल्हासनगरकरच आधी सांगून मोकळे होतात. तेव्हा इथे अकिता मागितलात आणि मिळाला नाही, असं व्हायचं नाही. तांबूस रंगाचं, ताठ कानांचं, शेपटीचा विळखा घातलेलं पिल्लू समोर येईल. “एकदम ओरिजिनल जापानी है, साहब.” पंचाईत एवढीच की आपल्या गावठी कुत्र्याचेही कान ताठ असतात, शेपूट वळलेली असते आणि रंग बहुतेकदा तांबूसच असतो. दोन महिन्यांच्या पिल्लात ओदाते आणि विठ्ठलवाडी यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही.

म्हणून केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद मागा. पिल्लाची आई पाहायला मागा. ‘डायरेक्ट टोकियोहून आलाय’ असं कोणी म्हणालं तर चहा घेऊन निघा, कारण विक्रीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर २०१६ मध्ये बंदी आली होती. आणि इतकं करूनही घरी आणलंतच, तर सहा महिने थांबा. खरा अकिता तोवर वीस किलोच्या पुढे गेलेला असतो. तुमचा बारा किलोवर अडला असेल, उन्हात तंगड्या वर करून झोपत असेल आणि पार्ले-जीच्या पुड्याचा आवाज तीन गल्ल्या पलीकडून ओळखत असेल, तर तुमच्याकडे इथल्या वालधुनी नदीकाठची अस्सल जात आली आहे. तुम्हाला हा लेख पुढे वाचायची गरज नाही. एसी आईला सोसेल तेवढाच लावा.

ज्यांचा खरा निघाला त्यांनी पुढे वाचावं, आणि आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटावं. त्यांच्याकडे १२ मार्च २०२४ चं केंद्र सरकारचं पत्र आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ प्रकारचे ‘हिंस्र’ कुत्रे ठेवायला आणि विकायला मनाई करावी असं राज्यांना कळवलं होतं, त्या यादीत पिटबुल आणि रॉटवायलरच्या पंगतीत अकिताही बसलेला आहे, शेजारी झुंजीसाठी तयार केलेला जपानी तोसा. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण ही बातमी सेक्रेटरींच्या ग्रुपवर आलेली नाही. कोणत्याही सोसायटीत पत्र पोहोचतं, रद्द झाल्याचं पत्र पोहोचत नाही. तुम्ही भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना छापून घेऊन जा: सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा पैसे लावता येत नाहीत. सेक्रेटरी वाचतील, चष्मा काढतील आणि म्हणतील, “ते ठीक आहे हो, पण लिफ्ट बंद आहे.”

आता हवामान. ओदातेला हिवाळाभर बर्फ, आणि आपल्याकडे एप्रिलात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. मुंबईतल्या नातेवाइकांना हे सांगितलं तर त्यांना वाटतं आपण बढाई मारतोय. उन्हाळ्यात अकिताला सकाळी सहाच्या आत आणि रात्री दहानंतर फिरवावं. डांबरावर स्वतःचा तळहात पाच सेकंद टेकवून पाहावा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही. महावितरणचा दुरुस्तीचा दिवस असेल तेव्हा ओला टॉवेल आणि बर्फाचा ट्रे तयार ठेवा. ऑगस्ट २०२२ मध्ये बदलापूरच्या प्रवाशांनी साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आणली म्हणून आंदोलन केलं होतं. त्या लढ्यात असलेल्या सद्‌गृहस्थाने घरी कुत्र्यासाठी दिवसभर एसी चालवणं विसंगत दिसतं खरं, पण कुत्र्याला पास काढावा लागत नाही.

दयेपोटी त्याचे केस मुळीच भादरू नका. ती लोकर थंडी अडवते तशी ऊनही अडवते, आणि एकदा वस्तरा लावला की पूर्वीसारखी येईलच याची खात्री नाही. ती वर्षातून दोनदा आपण होऊन गळते. एकदा गळायला लागली की फणी अंगावरून एकदा फिरवली तरी मूठभर पांढरा कापूस निघतो, दहा मिनिटांत पायाशी दुसरा कुत्रा तयार होतो आणि बाल्कनीतून वाऱ्यावर निघतो. आता पंचांग पाहा. वसंतातली गळती नेमकी वाळवणांच्या दिवसांत येते. वरच्या गच्चीवर गव्हाच्या कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, पोह्याचे पापड साडीवर मांडलेले असतात, आणि चीक ओला असतानाच त्यावर अकिताची लोकर येऊन बसते. वाळल्यावर ती निघत नाही. तळल्यावर कुरडई फुलते आणि लोकर जळून करकरीत होते. त्या आठवड्यात केस दार-खिडक्या लावून न्हाणीघरात विंचरावेत. तरीही चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडून आलेल्या डब्यात काय निघेल याची तयारी ठेवावी आणि कुरडया फार छान झाल्यात असंच कळवावं.

पावसाळ्यात हीच लोकर आतून ओली राहते आणि कातडीला बुरशी धरते, म्हणून अंग केसांच्या मुळापर्यंत कोरडं करायला हवं. गोचीड रोज पाहावेत, कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत. लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि प्रवाशांना होड्यांनी काढावं लागलं, तसलं पुराचं पाणी घरात शिरतं तेव्हा उंदीर, घुशी आणि त्यांचं मूत सगळं घेऊन शिरतं. अंबरनाथच्या बाजूला राहणाऱ्यांनी फिरायला प्राचीन शिवमंदिराकडे जावं. शिलाहारांचं, १०६० सालचं काम आहे, बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं पाहण्यासारखी आहेत. मात्र शेजारून वाहणाऱ्या वालधुनीत कुत्र्याला उतरवू नये. पांढरा अकिता कोणत्या रंगाचा होऊन बाहेर येईल हे वर कोणत्या कारखान्याने काय सोडलंय यावर अवलंबून.

खाण्याच्या बाबतीत एकच गोष्ट गांभीर्याने सांगतो. कांदा कुठल्याच कुत्र्याला चालत नाही, पण बऱ्याच जपानी कुत्र्यांच्या तांबड्या पेशी जन्मतः वेगळ्या असतात. त्यांत पोटॅशियम भरपूर असतं आणि कांद्याने त्या इतर कुत्र्यांपेक्षा लवकर फुटतात. म्हणजे कांदेपोहे नाहीत, कांदाभजी नाही, ताटातली उरलेली आमटी नाही, उल्हासनगरच्या मित्राकडची कांदा परतून केलेली साई भाजी नाही. मराठी आणि सिंधी स्वयंपाकघरातून कांदा वगळल्यावर जे उरतं ते त्याला घाला. मला वाटतं दहीभात उरतो. याच पेशींमुळे दुसरी गंमत होते. रक्ताची बाटली बदलापूरहून दूरच्या लॅबला जाईपर्यंत चार तास जातात, तेवढ्यात पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्ट असा येतो की कुत्रा कालच वारला असावा. तो तुमच्या पायाशी चप्पल खात असतो. डॉक्टरांना आधीच जात सांगा आणि सीरम लगेच वेगळं काढायला लावा.

स्वभावाने अकिता सोसायटीच्या सभेतल्या एखाद्या ज्येष्ठ सभासदासारखा असतो: उगाच आवाज चढवत नाही, सगळ्यांकडे पाहून घेतो, आणि त्याचं मत तुम्हाला विचारण्याआधीच ठरलेलं असतं. ‘बस’ म्हटल्यावर त्याला अर्थ कळतो. बसायचं की नाही हा पुढचा प्रश्न. घरातल्या माणसांवर जीव टाकतो, पण परक्याने डोक्यावर हात ठेवलेला आवडत नाही, आणि दुसऱ्या नराशी तर मुळीच पटत नाही. बदलापुरात दर कोपऱ्यावर चार-पाच नरांची हद्द आखलेली असते. फिरवताना पट्टा मजबूत असावा, नजर पुढच्या वळणावर असावी, आणि समोरून टोळी आली तर रस्ता तुम्ही बदलावा. अस्वलापुढे न हटणारा प्राणी गल्लीतल्या मोत्यापुढे हटेल अशी आशा ठेवू नये.

शेवटचा धडा स्टेशनवर वाट पाहण्याचा, कारण बहुतेकांनी कुत्रा घेतलेला असतो तो यासाठीच. हाचिको १९२३ मध्ये ओदातेजवळ जन्मला. टोकियोच्या विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकवणाऱ्या प्राध्यापक उएनोंनी त्याला पाळलं. तो त्यांना शिबुया स्टेशनवर सोडायला आणि आणायला जायचा. २१ मे १९२५ रोजी प्राध्यापक कामावरच वारले, आणि हाचिको पुढे जवळजवळ दहा वर्षं, ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत, स्टेशनवर येत राहिला. वर्तमानपत्रात छापून आल्यावर पुतळा उभारला, त्याच्या अनावरणाला तो स्वतः हजर होता. तो पुतळा युद्धात वितळवला, १९४८ मध्ये नवा बसवला.

बदलापुरात या प्रकाराला काही अडचणी आहेत. उएनोसाहेबांची गाडी ठरलेली होती. तुमची ६:४८ ची जाते ७:१० ला, आणि परतीची कल्याणच्या पुढे सिग्नलला उभी असते. शिवाय कुत्रा पूर्वेला बसला आणि तुम्ही शेअर रिक्षा मिळते म्हणून पश्चिमेला उतरलात तर दहा वर्षं आरामात जातील. म्हणून पुलाची एकच बाजू ठरवा आणि ती कायम ठेवा. गर्दीच्या वेळी त्याला तिकीटघराजवळ बसवू नका, रांगेतले लोक त्याला शेवटचा नंबर समजून मागे उभे राहतात.

हाचिको मेल्यावर त्याच्या पोटात याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या कोंबडीच्या, काड्या सापडल्या होत्या. स्टेशनजवळच्या गाड्यांवरून त्याला खाऊ मिळायचा, असं काही जण सांगतात आणि डोळे मिचकावतात. मला त्यात वावगं काही दिसत नाही. उपाशीपोटी कोण थांबेल? तेव्हा तुमच्या बाजूच्या वडापावच्या गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. दिवसाला अर्धा पाव चालेल, चटणी नको, कांदाभजी तर अजिबात नको, आणि उधारी महिनाअखेरीस एकदम.