साहेब लंडनला गेलेत, बाग पाहून घ्या

इंग्लंडात एप्रिलला वसंत म्हणतात. आम्हीही म्हटलं, फक्त स्वेटरवर स्वेटर चढवून. मला लेखकांची घरं पाहायची होती, सौ.ना बागा. तिथे दोन्ही एकाच तिकिटात मिळतात, त्यामुळे संसार टिकला.

ससेक्समधल्या बर्वॉशला किपलिंगचं 'बेटमन्स' आहे, 1634 सालचं दगडी घर. हा गृहस्थ मुंबईचा, जे. जे.च्या आवारात जन्मलेला, म्हणून मी गाववाल्याकडे आल्याच्या थाटात आत शिरलो. 1907 साली त्याला नोबेल मिळालं आणि त्या पैशांतून त्यानं बागेत तळं करून घेतलं. आपल्याकडे लेखकाला शाल-श्रीफळ मिळतं. त्यात तळं बसत नाही. पाहुणे त्या तळ्यात पडत, आणि पडलेल्यांच्या नावापुढे किपलिंग नोंदवहीत 'एफआयपी' लिहून ठेवी. म्हणजे 'फेल इन पाँड'! 'जंगल बुक'पेक्षा ही नोंदवही मला जास्त आवडली.

रॉडमेलचं 'मंक्स हाउस' व्हर्जिनिया आणि लिओनार्ड वुल्फ यांनी 1919 मध्ये 700 पौंडांना घेतलं. बाई बागेतल्या लाकडी खोलीत लिहायच्या आणि बागेची मशागत यजमान करायचे. "बघा," सौ. म्हणाल्या. मी ट्यूलिप बघू लागलो.

खरी युक्ती बर्नार्ड शॉची. एयट सेंट लॉरेन्सला त्याची लिहायची झोपडी आहे, उन्हाच्या दिशेनं फिरवता येणारी. तिचं नाव त्यानं 'लंडन' ठेवलं होतं. नको असलेला माणूस आला की घरातले सांगत, "साहेब लंडनला गेलेत." खोटंही नाही आणि चहाही वाचला. हे पुणेकराला सुचू नये, याचं वाईट वाटतं.

चॉटनला जेन ऑस्टिनचं लिहायचं टेबल पाहिलं. आमच्या घरी एवढ्याशा टेबलावर फक्त फोन ठेवतात.

अशा ठिकाणी 'बसू नये' अशी पाटी सहसा लावत नाहीत. खुर्चीवर मुकाट्यानं एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवून देतात. त्याहून स्पष्ट मजकूर त्या घरात कुणी लिहिला नसेल. खोल्याखोल्यांतून उभे असलेले स्वयंसेवक आजोबा-आजी फार प्रेमळ. पण कादंबरीबद्दल विचारलं तर दोन वाक्यं, विस्टेरियाबद्दल विचारलं तर अर्धा तास.

तेव्हा जाणार असाल तर पुस्तकं घरूनच वाचून जा. तिथे बसायला खुर्ची मिळणार नाही.