सव्वाअकराची भरती

तंबूत राहायला निघालेलं मराठी कुटुंब घर सोडत नाही, फक्त भिंती मागे ठेवतं. डिसेंबरात भोगव्याच्या किनाऱ्यावर आमच्या गाडीतून तंबूंच्या पाठोपाठ कुकर, खलबत्ता, लाडवांची बरणी, आईचा पाट आणि खिळ्यासकट कालनिर्णय उतरलं. खिळा ठोकायचा कशात, हे कोणी विचारलं नाही.

मोहिमेचे सूत्रधार आमचे साडू. त्यांचं ज्ञान अफाट आणि बिनचूक आहे, आणि त्यातच सगळा घोटाळा आहे. वाळूत खुंट्या टिकत नाहीत, म्हणून पिशवीत वाळू भरून ती आडवी पुरायची आणि तिला दोरी बांधायची, हे त्यांना माहीत होतं. तंबू खरोखरच हलला नाही. पुरलेल्या पिशव्यांपैकी एक आईची कांद्यांची निघाली, तेव्हा भाजी बिनकांद्याची झाली इतकंच.

चूल त्यांनी समुद्राच्या बाजूला मांडली. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमीन आधी थंड होते आणि मतलई वारे उलटे सुटतात. धूर आपोआप समुद्रावर जाणार. हेही खरं. फक्त मतलई वारे सुटतात रात्री उशिरा, आणि आमचा भात लागला होता सातला. तोवर सगळा धूर तंबूत मुक्कामाला आला.

पोहण्याच्या बाबतीत तर त्यांनी प्रात्यक्षिकच दिलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ, त्यामुळे माणूस नदीपेक्षा सहज तरंगतो, असं सांगून ते कमरेएवढ्या पाण्यात डोळे मिटून उताणे झाले. तरंगले झकास. पण पाणी किनाऱ्याच्या कडेकडेनं सरकत होतं, त्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं. डोळे उघडून ते बाहेर आले तेव्हा समोर एक अनोळखी कुटुंब पोहे खात बसलं होतं. पोहे खाऊनच परतले.

मग गळ. आमिषाला कोलंबी लावताना पाहून आईचा जीव तुटला. "अहो, हिचं कालवण झालं असतं!" तासाभरात कोलंबी संपत आली आणि शेवटी दोरीला एकदाचा हिसका बसला. वर आला तो वीतभर मासा, पांढऱ्या पोटाचा. वाळूवर टेकताच तो फुगू लागला. फुगला, आणखी फुगला, आणि लग्नात मानपान चुकलेल्या व्याह्यासारखा आमच्याकडे बघत बसला. चिरंजीव आनंदानं किंचाळले. जाळं खांद्यावर टाकून चाललेले एक आजोबा थांबले.

"केंड असा तो. खावचो नाय. सोडा पाण्यात."

नाव कळताच साडूंचं ज्ञान मोकळं झालं. याचं विष शिजवूनही जात नाही. जपानात याच्याच जातीचा मासा परवाना असलेलाच आचारी करतो, आणि लोक त्याला भरमसाट पैसे मोजतात.

"मग जपानला पाठवा," आई म्हणाली, "आणि उरलेली कोलंबी इकडे आणा."

आजोबांनी जाता जाता आमच्या तंबूंकडे बघून मान हलवली. "हयसर नको. आज पुनव. पाणी वर येतला."

"सव्वाअकराला. ठाऊक आहे," साडू म्हणाले. त्यांनी कालनिर्णय उघडून मुलांना शिकवलंसुद्धा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. गणित इतकं देखणं होतं की पाणी कुठवर येईल, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. आजोबांचा सगळा भर नेमका त्याच्यावर होता.

अकराच्या सुमारास माझ्या पाठीला काहीतरी गार लागलं. पाहतो तर चपला तंबूत पोहत होत्या. बाहेर चांदणं, ओरडाआरडा, गाद्या ओढणारी मंडळी. आई पाटावर बसून लाडवांची बरणी छातीशी धरून होती. गुडघाभर पाण्यात साडू मनगटावर बॅटरी मारत उभे होते.

"सव्वाअकरा! बघा, पाच मिनिटांचाही फरक नाही!"

"भाऊजी," आमची ही म्हणाली, "वेळ सांगून झाली असेल तर तो कुकर धरा. चाललाय."

उरलेली रात्र माडांखाली बसून काढली. पहाटे थोडं खाली रापण लागली होती. होडीतून अर्धगोल सोडलेलं भलंमोठं जाळं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगा ते ओढताहेत. आई पदर खोचून सरळ रांगेत शिरली. मागोमाग ही आणि मुलं. दोर ओला, खरखरीत. दहा पावलांत तळहात लाल. साडू दोन्ही रांगांच्या मधोमध उभे राहून, दोन्ही बाजूंचा ताण सारखा का हवा, ते सगळ्यांना समजावत होते.

जाळं वर आलं, बांगडे तडफडू लागले. हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळाला, आईला पदरभर. वाटणारे तेच कालचे आजोबा. साडूंपाशी येऊन ते थबकले, त्यांच्या कोरड्या हातांकडे पाहिलं आणि एक बांगडा त्यांच्या ओंजळीत ठेवला.

"घेवा. बोलूक पण दम लागता."