आमची चौपाटी

फणसवाडीकराला गिरगाव चौपाटी पायी गाठता येते, एवढ्याच पुराव्यावर ती त्याच्या मालकीची असते. सातबारा मागू नये. संध्याकाळी ठरलेल्या बाकावर बाहेरचं कुटुंब भेळ खाताना दिसलं की तो खाकरतो, पुन्हा खाकरतो, मग "इथे रोजची मंडळी बसतात" असं समुद्राकडे बघत सांगतो. स्वतः खोली विकून डोंबिवलीला केव्हाच गेलेला. पण हक्क पागडीसारखा, माणूस गेला तरी नाव राहतं!

कोळ्यांनी हसावं की रडावं? त्यांच्या होड्या सगळ्यांच्या आधीच्या. 1920 साली लोकमान्यांना इथेच अग्नी दिला, तेव्हा लोटलेल्या अफाट गर्दीत गिरगावकर किती हे कुणी मोजलं नाही. 2025 मध्ये लालबागच्या राजाचा नवा तराफा आला, भरतीत गणित चुकलं नि विसर्जन कित्येक तास रखडलं. वाळूवर वाद मात्र वेळेवर सुरू झाला: समुद्र कळतो कुणाला, मान कुणाचा?

किनारा सार्वजनिक आहे. तरी मालकी सांगायचीच असेल, तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन या. तेव्हा जागा भरपूर असते.