दाबा, धरा, सोडू नका

पुढच्या डिस्क ब्रेकचा मास्टर सिलिंडर तुम्ही घरीच, व्हिडिओ बघत बदललात. अभिनंदन. आता लिव्हर दाबून बघा. तो विनातक्रार मुठीला टेकेल. लाइनमध्ये हवा शिरली आहे. तेल चेपत नाही, हवा चेपते. तुमचा सगळा जोर तिथेच खर्ची पडतोय आणि पॅड निवांत आहेत.

साहित्य: आठचा पाना (काही गाड्यांना दहाचा), मत्स्यालयाच्या दुकानातली पारदर्शक नळी, रिकामी बाटली, बादलीभर पाणी, जुनी चादर आणि बाबा.

तेल मात्र नवं, सीलबंद. डॉट ३ की डॉट ४, ते मास्टर सिलिंडरच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. माळ्यावर दोन वर्षांपूर्वी उघडलेली अर्धी बाटली आहे, हे तुम्हाला आठवणारच. विसरा. हे तेल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरली की ही हद्द १५५ पर्यंत घसरू शकते. वरंधा घाट उतरताना त्याची वाफ झाली, की लिव्हर पुन्हा मुठीला.

चादर पेट्रोलच्या टाकीवर घाला. ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब सांडला तर पुसत बसू नका, पाणी ओता. (चादर घरात विचारून घ्या. त्या ब्रेकडाउनवर आमच्याकडे उपाय नाही.)

नवा सिलिंडर आतून कोरडा असतो. त्याच्या टाकीत तेल भरून लिव्हर अगदी थोडा थोडा हलवत राहा, वर बुडबुडे येतील. ते थांबले की कॅलिपरच्या निपलला नळी लावा, रिकाम्या बाटलीत थोडं तेल ओतून तिचं दुसरं टोक त्यात बुडवा आणि बाबांना हाक मारा.

वडिलांना हुकूम सोडायची संधी आयुष्यात क्वचित येते. ‘दाबा.’ दोनतीनदा. ‘आता धरा.’ मग तुम्ही निपल पाव आटा उघडायचं. बुडबुड्यांसकट तेल नळीत येईल, लिव्हर खाली जाईल. निपल बंद. त्यानंतरच ‘सोडा’.

निपल उघडं असताना बाबांनी लिव्हर सोडला, तर आटे आणि नळीच्या फटीतून हवा पुन्हा आत. ते सोडणारच, कारण तुम्ही पुटपुटलात ‘सोडू नका’ आणि त्यांना ऐकू आलं ‘सोडू का?’ आवाज चढवू नका. पहिल्यापासून सुरू करा. मधूनमधून टाकीत तेल घालत राहा. ती रिकामी झाली तर तासाभराची मेहनत पाण्यात.

नळीत सलग तेल दिसेपर्यंत हेच. तरी लिव्हर पिचकत असेल तर तो मुठीला बांधून रात्रभर ठेवा. चुकार बुडबुडे वर चढतात. सकाळीही पिचकला, तर गाडी ढकलत गॅरेजला न्या. चालवत नाही, ढकलत.

कडक लागला, तर आधी गाडी ढकलूनच ब्रेक तपासा, मग सोसायटीच्या आवारात सावकाश एक फेरी. बाबा जिन्यात उभे असतील. ‘मागच्याची हवा कधी काढायची?’ विचारतील.

मागे ड्रम आहे, हे त्यांना सांगू नका.