रॉकेट पाहावे कसे : झाडीपट्टीतील इच्छुकांसाठी सूचना

अग्निबाण प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा झालेल्या चंद्रपूर-गडचिरोलीकरांना दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला, रॉकेट सुटते तिथे जाणे. दुसरा, ते पडते तिथे राहणे. दुसरा बेभरवशाचा आहे. पहिलाही बेभरवशाचाच, फक्त त्याला तिकीट लागते.

पहिल्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी श्रीहरिकोटा आंध्रच्या किनाऱ्यावर आहे. बल्लारशा जंक्शन चेन्नईच्या मुख्य मार्गावर असल्याने अर्धे काम ब्रिटिशांनीच करून ठेवले आहे. सिंदेवाहीकराने गोंदिया-बल्लारशा गाडी धरावी. गडचिरोली जिल्ह्याचे जुने स्टेशन म्हणजे वडसा. पण सिरोंचावाल्याने तिकडे येण्याचा विचारही करू नये, प्राणहितेचा पूल ओलांडून मंचेरियालला गाडीत बसावे. पुढे चेन्नई, तिथून लोकलने सुल्लुरपेटा, आणि मग पुलिकत सरोवरातून जाणारा रस्ता.

इस्रोने २०१९ साली प्रेक्षकांसाठी सुमारे ५,००० जणांची गॅलरी उघडली. प्रवेश फुकट, पण नोंदणी ऑनलाइन, आणि ती उघडते तशीच मिटते. ताडोबाची सफारी सुट्टीच्या हंगामात बुक करणाऱ्यांना वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही. ओळखपत्र, टोपी, पहाटेची धावपळ, आणि शेवटी 'आत्ताच होता, गेला' हे ऐकण्याची तयारी, सगळे तेच.

परतीचे तिकीट काढू नये. १५ जुलै २०१९ उजाडण्याआधीच्या रात्री चांद्रयान-२ साठी खुद्द राष्ट्रपती श्रीहरिकोट्याला हजर होते. ५६ मिनिटे उरली असताना घड्याळ थांबवले आणि यान २२ जुलैला गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनयानाच्या चाचणीचे उड्डाण तर पाच सेकंद उरले असताना अडले. ते त्याच सकाळी उडाले, ही प्रेक्षकांची पुण्याई. म्हणून कार्यालयात रजेचे कारण लग्नाचे देऊ नये. लग्न आठ दिवस पुढे गेले, हे एकदाच सांगता येते. या कामाला सर्वांत लायक माणूस म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकाचा प्रेक्षक. थंडीच्या रात्री शाल पांघरून पहाटेपर्यंत बसायची त्याला सवय, आणि पडदा उशिरा उघडला म्हणून तो उठून जात नाही.

उड्डाणाच्या वेळी आधी उजेड दिसतो. आवाज दर किलोमीटरला सुमारे तीन सेकंद मागे राहतो, तेव्हा टाळ्यांची घाई करू नये. दोन-चार मिनिटांत सगळे संपते, ढग असतील तर त्याहून लवकर. घरी आल्यावर आजी विचारेल, "एवढ्या दूर काहून गेला होता बापा? आपल्या इकडं तं घरीच येते."

आजी चुकीचे बोलत नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले. काहींनी उल्का म्हटले, काहींनी विमान. मग सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत दोन-तीन मीटर व्यासाचे, सुमारे ४० किलोचे धातूचे कडे येऊन पडले आणि पवनपारच्या बाजूला एक गोळा सापडला. सकाळी गुढीवर लोटा पालथा घातला होता, त्याचा थोरला भाऊ रात्री जंगलात उतरला, इतकेच. अभ्यासकांच्या मते हे फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी'चे अवशेष. म्हणजे वर्षभर पृथ्वीभोवती फिरून रॉकेटने शेवटी आपलाच तालुका निवडला. नोंदणी नाही, टोपी नाही. पुढे इस्रोची माणसेच चंद्रपूरला आली. श्रीहरिकोट्याला जाऊन एवढी भेट कोणाला मिळते?

दुसऱ्या मार्गाच्या मात्र अटी आहेत. एप्रिल हा मोहफुलांचा महिना. पहाटे मोहाखाली वाकलेल्या माणसाने आकाशाकडे पाहत बसू नये, कारण ब्रह्मपुरी वनविभागात धोका डोक्यावरून क्वचित आणि पाठीमागून नेहमी येतो. गोळा सापडल्यास हात लावू नये. अशा टाक्यांत विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. भंगारवाल्याला तर मुळीच बोलावू नये. १९६७च्या अंतराळ करारानुसार वस्तू कुठेही पडो, मालकी मूळ मालकाचीच राहते. आपल्या शिवारात पडलेले कडे कायद्याने परक्याचे असते. जंगलाकाठच्या माणसाला या तर्काची सवय आहे, म्हणून अधिक स्पष्टीकरणाची गरज वाटत नाही.

नुकसानभरपाईचे नियम पाठ असावेत. लाडबोरीत कोणाला इजा झाली नाही, पण प्रत्येक वेळी पाडवा नसतो. वाघाने गाय मारली तर वनरक्षकाला कळवायचे, पंचनामा करायचा. रॉकेटने मारली तर १९७२चा करार लागू होतो: सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार, दावा एका वर्षाच्या आत, आणि तो गायीच्या मालकाने नव्हे तर भारत सरकारने राजनैतिक मार्गाने करायचा. दाखलाही आहे. १९७८ साली सोव्हिएत उपग्रह कॅनडावर कोसळला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, तीस लाख मिळाले. तेव्हा गोठ्यावर काही पडलेच, तर मागणी दुपटीने लिहावी, आणि पंचनाम्यात वाघाचा उल्लेख चुकूनही येऊ देऊ नये. नाहीतर फाइल वनखाते आणि परराष्ट्र मंत्रालय यांच्यात फिरत राहील, आणि तिची कक्षा रॉकेटपेक्षा बरीच मोठी असते.